शिक्षकांना ऑनलाइन फिजिक्स शिकवण्यात करिअर आहे का?

नमस्कार दादा,

पंचवटीतून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी फिजिक्समध्ये एमएस्सी झाली, जेईईच्या क्लासची नोकरी नको म्हणते आणि रविवारी संध्याकाळी दिंडोरी-पेठकडच्या शिक्षकांना ऑनलाइन मॉडर्न फिजिक्स शिकवत बसते, तर यात पुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

पुढे भरपूर काम आहे, फक्त पगार लगेच सुरू होणार नाही हे आधीच सांगतो.

बारावीच्या पुस्तकात फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन निघणं), न्यूक्लियस, सेमीकंडक्टर सगळं आहे, पण शिकवणाऱ्या कितीतरी सरांनी ते स्वतः परीक्षेपुरतंच वाचलेलं असतं, मग एखादं पोरगं विचारतं की सर, लाल लाइट कितीही वाढवला तरी इलेक्ट्रॉन का निघत नाही, आणि तिथेच गाडी अडते. 1905 ला आइनस्टाइनने याचंच उत्तर दिलं होतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे, दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्सही आहेत, पण नुसता व्हिडिओ बघून विषय हातात येत नाही हो.

म्हणून मुलीला सांगा, शिक्षकांच्या हाताला काम दे. एम. जी. रोडला लाल, हिरवा, निळा एलईडी, एक पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं बटण), एक रेझिस्टर, 9 व्होल्टची बॅटरी आणि साधा मल्टिमीटर मिळतो. खोलीत अंधार करायचा, पॉट हळूहळू फिरवायचा आणि एलईडी जेमतेम पेटला की त्याच्या दोन पायांवरचं व्होल्टेज लिहून घ्यायचं. लाल साधारण 1.8 ला पेटतो, निळ्याला अडीचच्या वर लागतात. वेव्हलेंथ घालून गणित केलं की प्लांकचा स्थिरांक, म्हणजे फ्रिक्वेन्सीवरून प्रकाशाच्या कणाची ऊर्जा सांगणारा आकडा, 6.6 गुणिले 10 चा उणे 34 वा घात, याच्या बराच जवळ येतो. हे सगळ्या शिक्षकांनी आपापल्या घरी करून आकडे ग्रुपवर टाकले ना, की कुणाचा का चुकला यावर जी चर्चा होते तोच खरा कोर्स! पेठकडे रेंज गेली तर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर टाकायचं, मराठीतच.

आता पोटापाण्याचं. बीएड करून घ्या, एमएस्सी बीएडला ज्युनियर कॉलेजचं दार उघडं असतं. संशोधनाची आवड असेल तर मुंबईचं होमी भाभा सेंटर, तिथे सायन्स एज्युकेशनमध्ये पीएचडी होते, आणि शिक्षकांसोबतचं हे काम तिथे अनुभव म्हणून सांगता येईल. दूरशिक्षणाचं मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकातच आहे, एकदा तिथल्या सायन्सवाल्यांना भेटून यायला सांगा.

क्लासची नोकरी अर्धवेळ मिळत असेल तर वर्षभर घ्यायला हरकत नाही, पण रविवारची संध्याकाळ मोकळी हवी हे क्लासवाल्यांना आधीच सांगून ठेवा. आणि बीएडच्या सीईटीचा फॉर्म सुटला की तारीख चुकवू नका.