बाळ पोटात असताना मी फार रडले होते

रेश्मानं पिशवीतून आधी वही काढली, मग खुळखुळा, आणि मग बाळाची टोपी. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.) वहीत तारखा होत्या. ‘४ फेब्रु. सकाळ, डावीकडे आवाज, बघितलं नाही.’ ‘४ फेब्रु. संध्या., उजवीकडे, बघितलं.’ ‘९ फेब्रु., नजर ८ सेकंद.’ साडेतीन महिन्यांच्या मुलाचं असं प्रगतिपुस्तक मी पहिल्यांदाच बघत होते.

“मॅडम, हा पोटात असताना मी फार रडले. त्याचंच झालंय हे. आमच्या आत्तीपण तेच म्हणतात.”

हे म्हणजे काय, तर मूल किरकिर करतं. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासून तिला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. वजन चांगलं, मान धरतोय, ऐकण्याची चाचणी व्यवस्थित. तक्रार असेल तर एकच, आई रोज फोन करते.

गरोदरपणात आईनं सोसलेल्या ताणाचा बाळावर परिणाम होतो का, सांगलीत हा प्रश्न मला अनेक तोंडांनी ऐकायला मिळतो. कुणाचं सासरी पटत नसतं, कुणाचे वडील नेमके सातव्या महिन्यात गेलेले असतात. रेश्माच्या वाट्याला पूर आला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात कृष्णा ५७ फुटांवर गेली. रेश्माला सहावा महिना संपत आलेला. भाड्याचं घर गावभागात, नवऱ्याचं मॅचिंग सेंटर मारुती रोडला. होडीतून बाहेर काढलं, चार दिवस एका शाळेत काढले, मग माहेरी जतकडे, दुष्काळी पट्ट्यात. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर फॉल, अस्तर, ब्लाउजपीस सगळ्याचा एकच रंग झालेला, चिखलाचा. दिवाळीत तिनं पाटल्या मागितल्या तेव्हा कळलं की त्या सोनेतारणात गेल्या आहेत. नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. का, तर “तिला टेन्शन नको म्हणून”.

ती हे सगळं बोलत असताना हात चालूच होता. बाळाच्या डाव्या कानापासून वीतभर लांब खुळखुळा वाजवायचा, मनात आकडे मोजायचे, वहीत लिहायचं. बाळ तिच्या मांडीवर उताणं होतं आणि टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होतं. पाय झाडत होतं, तोंडानं बुडबुडे काढत होतं, एकदा तर चक्क हसलं. खुळखुळ्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. रेश्मानं वहीत लिहिलं.

“काय लिहिलंत?”

“डावीकडे बघितलं नाही.”

“मग बघत कुठे होता?”

ती थांबली. “माझ्याकडे,” म्हणाली, आणि रडायला लागली.

खोटा धीर द्यायचा नाही, असं मी फार पूर्वी ठरवलंय. “काही परिणाम होत नाही हो” म्हटलं की बाई घरी जाऊन मोबाइलवर शोधते, तिथे भलतंच काहीतरी वाचते, आणि मग माझंही ऐकत नाही. म्हणून मला जे माहीत आहे ते रेश्माला सरळ सांगितलं. ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. बाळापर्यंत ते सगळंच्या सगळं जात नाही. वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, एक एन्झाइम असतं, ते बराचसा भाग निकामी करून टाकतं. ताण फार मोठा आणि फार दिवसांचा असला की ही चाळणी थोडी ढिली पडू शकते. त्यामुळे परिणाम होऊ शकतो, हे खरं. पण किती?

ब्रिटनमध्ये १९९० नंतर एव्हन भागातल्या सुमारे १४ हजार गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. गरोदरपणात सगळ्यांत जास्त चिंतेत असलेल्या १५ टक्के आयांच्या मुलांमध्ये वागण्याच्या आणि भावनिक अडचणींचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. ‘दुप्पट’ ऐकून रेश्माचा चेहरा पडला. मग मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. शंभरात पाच-सहा मुलं होती, ती दहा-बारा झाली. उरलेली किती? तिनंच वजाबाकी केली. दुकानदाराची बायको ती, आकडा तिला लगेच समजला.

दुसरी गोष्ट कॅनडाची. जानेवारी १९९८ मध्ये क्विबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसानं विजेच्या तारा, मनोरे सगळं कोसळलं. काही घरांत महिनाभर वीज नव्हती, आणि थंडी तिथली. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांची मुलं संशोधकांनी पुढे कित्येक वर्षं तपासली. ज्यांच्यावर प्रत्यक्ष संकट जास्त कोसळलं, त्यांच्या मुलांचे दोन वर्षांच्या वयात भाषेचे आणि आकलनाचे गुण सरासरीनं कमी आले. पण आई मनातून किती हादरली, याचा त्या गुणांशी तसा संबंध दिसला नाही. वीज किती दिवस गेली, नुकसान किती झालं, याच्याशी दिसला.

“म्हणजे रडण्यानं नाही?”

“पूर तुम्ही आणला नव्हता, रेश्मा.”

आत्तींना मी पुढच्या वेळी बोलावलं. त्यांना दोष द्यायचा नव्हता. अभिमन्यूची गोष्ट ऐकत आपण सगळेच मोठे झालोय, पोटातलं मूल सगळं ऐकतं हे आपल्याला पाठच आहे. फक्त त्या गोष्टीत सुभद्रेला झोप लागली म्हणून तिला कोणी बोल लावत नाही, एवढं मी त्यांना म्हटलं. त्या हसल्या. “आमी बी लई सोसलं बाई, कुनी इचारलं न्हाई,” म्हणाल्या, आणि मग अर्धा तास त्यांचंच चाललं. तेही ऐकायला हवंच होतं. लहान बाळाचं रडणं पहिल्या दीड महिन्यात वाढत जातं आणि तीन-चार महिन्यांनी उतरतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पाच पोरं वाढवलेली बाई ती.

मला काळजी वेगळीच होती. रेश्माला एक दहा प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर वापरतात ती, एडिंबरा स्केल. गुण आले १५. साधारण १३ च्या पुढे गेले की आम्ही सावध होतो. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल असतो. तिथे शून्य होता, तरी तोंडी पुन्हा विचारलाच. मग तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं असतात, ती त्यांनी सुरू केली. “औषधानं दूध बिघडेल” यावर घरात दोन दिवस वाद झाला, तो डॉक्टरांनीच मिटवला.

वही मी ठेवून घेतली. तिला एकच काम दिलं, दिवसातून दोनदा दहा मिनिटं बाळ जिकडे बघेल तिकडे आपण बघायचं. तपासायचं काही नाही. ताण खूप असलेल्या गरोदरपणातलं मूलसुद्धा पुढे आईशी घट्ट जोडलं गेलं, तर कॉर्टिसॉलचा आकलनावरचा परिणाम दिसेनासा होतो, असं लंडनमध्ये दीड वर्षाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. हे मात्र मी तिला तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. ‘घट्ट जोडणं’ याचीही तिनं वही केली असती.

नवऱ्याला वेगळं बोलावलं. आपल्याकडे गरोदर बाईला घरातला प्रत्येक माणूस “टेन्शन घेऊ नको” सांगतो आणि टेन्शनचं कारण तिच्यापासून लपवतो. त्यानं कर्जाचा आकडा पहिल्यांदा माझ्यासमोर सांगितला. रेश्माच्या मनातला आकडा त्याच्या दुप्पट होता. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं. मला विचाराल तर औषधाइतकाच उपयोग त्या सलग तीन तासांच्या झोपेचा झाला.

मग लॉकडाऊन लागला. पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर. मे महिन्यात मी विचारलं, “पालथा कधी पडला?” तर म्हणाली, “तारीख नाही ओ लिहिली. पण पडतोय. सारखाच पडतोय.” त्या महिन्यात प्रश्नावलीचे गुण ६ आले.

ज्यांना असं समोर बसायला कोणी नाही, त्यांच्यासाठी आता टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. गरोदरपणातच फोन केला तर उत्तम. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, कशातच मन नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर बाळाची वाट बघत थांबू नये.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. रेश्माचा फोन आला, वर्षभरानंतर. माल या वेळी आधीच वरच्या मजल्यावर हलवला होता, ती भावाकडे होती. आवाज तसाच घाबरा.

“मॅडम, आता हा मोठा झालाय, याला कळतंय. ह्याच्या डोक्यात राहील का हे?”

“आत्ता काय करतोय तो?”

फोन बाजूला गेल्याचा आवाज आला. “टपात चप्पल सोडलीये. होडी म्हणतोय. माझी नवी चप्पल ओ!”