मुलगा गेमवर पैसे उडवतो, मोबाइल काढून घेऊ का?

आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा घरूनच ठरवून आणलेला असतो. "मॅडम, याला गेमचं व्यसन लागलंय. मोबाइल काढून घ्यायचा का, तेवढं सांगा." हल्ली त्यात भर पडली आहे ती खात्यातून गेलेल्या पैशांची. पैसे गेले की व्यसन मागे पडतं, चोरी पुढे येते आणि घरातलं बोलणं पोलीस ठाण्यात चालल्यासारखं चालायला लागतं.

ओंकारच्या घरी हेच चाललं होतं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) सांगलीजवळचं घर. वडील कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातात, आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीनच्या वर भिंतीला क्यूआर कोड चिकटवलेला, गिऱ्हाइकं दीडशे, तीनशे, पाचशे असे पैसे त्यावर टाकून जातात. दिवाळीचा हंगाम संपल्यावर धाकटीची फी भरायला घेतली तर खात्यात एकतीस हजार कमी. ओंकार नववीत. विचारल्यावर आधी "मला काय माहीत", मग रडणं, मग "गेममध्ये गेले" एवढंच.

"रात्री अकराला बघावं तर मोबाइल, पहाटे उठून बघावं तर मोबाइल," वडील सांगत होते. "काढून घेतला तर पोरगं अंगावर येतंय. वर आईच्याच खात्यात हात घातला. तेला काय कमी केलं आम्ही?" त्यांनी त्यांच्या परीनं उपायही करून पाहिले होते. मारून झालं होतं. मोबाइल काढून घेतला, पण क्लासचा ग्रुप त्यावरच म्हणून परत द्यावा लागला. देताना मात्र त्यात एक पाळत ठेवणारं ॲप गुपचूप टाकून दिलं. त्याचे सगळे मेसेज आता त्यांच्या फोनवर दिसत होते. "सगळं वाचतोय मी. मित्रांच्या शिव्या सोडल्या तर त्यात काय नाही."

मी विचारलं, आईच्या यूपीआयचा पिन ओंकारला कसा कळला?

आईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "त्यानंच घातलावता."

नवीन फोन घेतला तेव्हा एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत, ओटीपी हे सगळं ओंकारनं भरलं आणि पिनही त्यानंच ठरवला. लाइटबिल तोच भरतो. सिलिंडर तोच नोंदवतो. अस्तराचं कापड, हुक, चेन ऑनलाइन कुठं स्वस्त मिळतात ते तोच बघतो, चुकीचा रंग आला तर परतही तोच पाठवतो. अशी घरं मी पुष्कळ बघते. तिजोरीची किल्ली पोराच्या हातात असते आणि त्यातलं त्याचं किती, हे कुणी कधी बोललेलं नसतं. यानं ओंकारचं वागणं बरोबर ठरत नाही. पण "घरात चोर निघाला" हे वाक्य आईवडील रोज म्हणत होते, ते मी त्यांना तिथेच थांबवायला सांगितलं. चोर ठरवलेला मुलगा पुढचं काही सांगत नसतो.

पैशाचं प्रकरण असेल तर मी तासांचा हिशेब नंतर करते, आधी व्यवहारांची यादी मागते. बँकेचं स्टेटमेंट आणि पेमेंट ॲपमधली हिस्टरी, दोन्ही. ओंकारच्या बाबतीत यादीचे सरळ दोन तुकडे पडत होते. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ॲप स्टोअरच्या नावानं छोट्या रकमा होत्या, बऱ्याचशा शंभराच्या आतल्या. सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास. त्यानंतर ॲप स्टोअरला एक रुपयासुद्धा गेलेला नव्हता. पुढचे पंचवीस हजार एकाच माणसाच्या नावावर गेले होते, कधी पाचशे, कधी दोन हजार. घरच्यांनी हे दोन्ही "गेमचे पैसे" म्हणून एकत्र धरले होते. पण गेमपायी ताबा सुटलेला मुलगा एका ठरावीक दिवसापासून गेमवरचा खर्च असा शून्यावर आणत नाही. इथे वेगळंच काहीतरी होतं.

ओंकारशी मी एकट्याशी बोलले. सुरुवातीलाच त्याला सांगितलं की इथलं बोलणं मी बाहेर नेत नाही, फक्त तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर आईवडिलांना सांगावं लागतं, आणि तेही तुला आधी सांगून. तो बराच वेळ हाताची नखं बघत बसला. मग मी गेमबद्दल विचारलं. रँक काय, स्क्वॉडमध्ये कोण कोण, मॅचला उतरतोस कुठं. आईवडिलांपैकी कुणी हे त्याला कधी विचारलं नसावं, कारण तो एकदम माझ्याकडे बघून बोलायला लागला.

पैशांची सुरुवात लकी स्पिनपासून झाली होती. गेममधलं चलन विकत घ्यायचं, ते टाकून चक्र फिरवायचं, लागली तर बंदुकीची किंवा कपड्यांची दुर्मीळ स्किन, म्हणजे नुसतं दिसायचं रूप, नाहीतर काहीतरी फुटकळ. बक्षीस कधी मिळेल हे कळत नसलं की प्राणी बटण दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात कबुतरं-उंदरांवर दाखवून ठेवलंय, आणि गेम बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. बेल्जियमच्या जुगार नियंत्रकानं २०१८ मध्ये काही गेममधल्या अशाच, आत काय निघेल ते न कळणाऱ्या, पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारच ठरवल्या. वडिलांना मी नंतर फोर्टनाइटचं उदाहरणही दिलं. त्या गेमच्या कंपनीला, एपिक गेम्सला, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. त्यातले साडेचोवीस कोटी लोकांना फसव्या बटणांनी नकळत खरेदी करायला लावल्याबद्दल परत करायचे होते. उरलेला दंड मुलांच्या खासगी माहितीसाठी होता, आणि अनोळखी लोकांशी आवाजी गप्पा मुलांसाठीसुद्धा आपोआप चालू ठेवल्याचा आक्षेपही त्यात होता. "म्हंजे आमचंच पोरगं नाही," एवढंच ते म्हणाले. त्यांना तेवढं ऐकायची गरज होती असं मला वाटतं.

खरा घोळ सप्टेंबरमध्ये झाला. स्क्वॉडमधल्या एकानं एका चॅनेलची लिंक पाठवली. तिथे एक एपीके फाइल होती, म्हणजे ॲप स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये टाकायचं ॲप. टाकलं की गेममधलं चलन फुकट, असा दावा. पोरं अशा फाइली खाऊ वाटल्यासारख्या एकमेकांना पाठवत असतात. ओंकारनं ती टाकली, मागितल्या त्या सगळ्या परवानग्या दिल्या, त्यातच गेमचं लॉगिन भरलं. दुसऱ्या दिवशी आयडी, म्हणजे गेममधलं त्याचं खातं, हातचं गेलं. दोन वर्षं खेळून वाढवलेली लेव्हल, सहा हजारांच्या स्किन, मित्रांची यादी, सगळं त्यात.

चॅनेलवरच्या एका "दादा"नं पाचशे रुपयांत आयडी परत आणून देतो म्हणून सांगितलं. मग सर्व्हरची फी आली, मग आणखी कसली तरी. ओंकारनं देणं बंद केलं तेव्हा मेसेज आला: पैसे येतात ते खातं तुझ्या आईचं आहे ना? नाव दिसतंय, नंबरही आहे माझ्याकडे. सांगू का तिला?

त्यानंतरचे सगळे पैसे गप्प बसण्याचे होते. मेसेज रात्री यायचे, म्हणून तो रात्री जागा. मोबाइल काढून घेतला की तो अंगावर यायचा, कारण उत्तर दिलं नाही तर तो माणूस आईला फोन करेल ही धास्ती. गेम त्यानं जवळजवळ सोडलाच होता. आणि वडील तीन आठवडे सगळे मेसेज वाचत होते त्यात यातलं अक्षर नव्हतं, कारण हे बोलणं दुसऱ्या ॲपवर चाललं होतं, वेगळ्या नावाच्या खात्यावर. पाळतीचं ॲप सापडायला ओंकारला एक दिवसही लागला नव्हता.

मी त्याला म्हटलं, हे मला आईबाबांना सांगावं लागेल. तू सांगतोस की मी सुरुवात करू? "तुम्ही करा," म्हणाला.

वडिलांचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं: "एवढं झालं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोबाइल फोडला असता."

ते काही बोलले नाहीत. फोडीन म्हणून ते खरंच कितीदा तरी म्हणाले होते.

पुढची कामं कोरडी होती पण आधी तीच करायची होती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार. वडील आधी तयार नव्हते, पोरावरच केस होईल ही भीती. धमकावून पैसे घेतले गेलेला मुलगा इथे पीडित आहे, हे समजवावं लागलं. १९३०चा खरा उपयोग ताबडतोब फोन केला तर होतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत गेले तरी तिथे अडवता येतात. ओंकारचे व्यवहार जुने होते, म्हणून पैसे परत मिळतील असा दिलासा मी दिला नाही. त्या माणसाचे मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढले. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला. फोटो उतरवून घेऊन ओंकारचा आणि आईचा असे दोन्ही फोन रिसेट केले, कारण ती फाइल नेमकी कशात टाकली होती याबद्दल ओंकारचंच दोनदा वेगळं सांगून झालं होतं.

नवा पिन आईनं घातला. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो. वेळ लागला, एकदा चुकलाही, पण तिनंच घातला. आता बिलं ओंकारच भरतो, शेवटचे आकडे आई दाबते. यूपीआय लाइटही बंद केलं. त्यात छोट्या रकमांना पिन लागत नाही आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त पैसे भरल्याची ओळ दिसते, पुढे कुठं गेले ते दिसत नाही. लहान मुलं हाताळत असतील अशा फोनवर ते नसलेलं बरं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्येही प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करून ठेवावी. मुलानं नकळत खरेदी केलीच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परतावा मागता येतो. बहुतेक आईवडिलांना कळतं तेव्हा चार महिने उलटलेले असतात.

आता मूळ प्रश्न, व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळणं थांबवता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व, नुकसान होत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर, शाळा-घर-झोप विस्कटेल इतकं. ओंकार क्लासला जात होता, गल्लीत क्रिकेट खेळत होता, गेमशिवाय त्याचं चालत होतं. तो घाबरलेला होता, एवढंच. वरची लक्षणं खरोखर दिसत असतील तर मात्र मोबाइलच्या भांडणात वेळ घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

"पण सरकारनं बंदी आणली ना आता?" आईनं विचारलं. ऑगस्ट २०२५चा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. ओंकारच्या गेममध्ये पैसे जातात, जिंकून येत काही नाहीत, त्यामुळे तो त्या बंदीत बसत नाही. वयाच्या अटींचंही तसंच. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी सांगितली आहे खरी, पण गेममध्ये ओंकार चोवीस वर्षांचा होता. जन्मसाल टाकायला कितीसा वेळ लागतो.

खेळायची वेळ ठरवताना वडील "रोज अर्धा तास" म्हणत होते. मी म्हटलं, मॅचवर ठरवा. अशी एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, आणि मधेच फोन ओढून घेतला तर उरलेले तिघं अडकतात, शिव्या त्याला बसतात. निम्मी भांडणं त्या शेवटच्या दहा मिनिटांवर असतात. शाळेच्या दिवशी दोन मॅच, साडेनऊनंतर नवीन सुरू करायची नाही, आणि फोन रात्री आईच्या मशीनवर. हे ओंकारनंच सुचवलं, आणि धाकटीलाही लागू करा म्हणाला.

पैसे फेडण्यावरून माझं आणि वडिलांचं जमलं नाही. त्यांना सुट्टीत कामाला लावून पूर्ण एकतीस हजार वसूल करायचे होते. गेममध्ये घातलेले सहा हजार त्यानं फेडावेत, हे मला मान्य आहे. धमकावून काढलेले पंचवीस हजार मुलाकडून वसूल केले तर पुढच्या वेळी तो कुणालाच सांगणार नाही. शेवटी आईनं निकाल दिला, सहा हजार, आणि तेही दिवाळीपर्यंत हिशेबाच्या वहीत लिहून.

मेसेजवरूनही पुष्कळ घासाघीस झाली. ठरलं ते असं: पैसे आणि फोनमध्ये टाकलेली ॲप्स आईवडिलांना कधीही बघता येतील. मित्रांशी बोलणं त्याचं त्याच्याकडे. कुणी पैसे, फोटो किंवा ओटीपी मागितला की त्याच दिवशी घरात सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. ही शेवटची अट वडिलांनी दोनदा वाचली आणि मग सही केली.

तक्रारीचं अजून काही कळलेलं नाही. धमकीचे मेसेज थांबले, तो नंबर बंद लागतो. ओंकारनं नवा आयडी काढलाय, बिनपैशांचा. रिसेटमध्ये उडालेलं पाळतीचं ॲप वडिलांनी पुन्हा टाकलंय, यावेळी त्याला सांगून. दहावी झाली की काढतो म्हणतात. मला ते पटलेलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं आहे.