जॉन वुडन यांच्या शिकवणीतलं शाळेच्या बास्केटबॉल संघाला नेमकं काय लावता येईल?

मोज्यांपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक वुडन हंगामाच्या पहिल्याच दिवशी खेळाडूंना मोजे-बूट घालायला शिकवत. मोजा टाचेवर आणि करंगळीपाशी हाताने चापून बसवायचा, सुरकुती ठेवायची नाही. मग नाडी प्रत्येक भोकापाशी ओढून घट्ट करायची आणि दुहेरी गाठ मारायची. सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. शिस्तीवर भाषण देण्यापेक्षा हे बरं.

बाकी नियम मोजकेच: वेळेवर या, शिवी नाही, सहकाऱ्यावर टीका नाही (ते काम प्रशिक्षकाचं). सरावाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक ते छोट्या कार्डावर लिहून आणत.

त्यांचा ‘यशाचा पिरॅमिड’ म्हणजे यशासाठी लागणाऱ्या गुणांचा तक्ता, 15 ठोकळ्यांचा. पायथ्याच्या दोन कोपऱ्यांत मेहनत आणि उत्साह. बहुतेक जण त्याचा तक्ता भिंतीवर चिकटवतात आणि तिथेच थांबतात. त्यापेक्षा एका आठवड्याला एकच ठोकळा घ्या आणि तो दिसेल असं काम ठरवा, उदाहरणार्थ बास्केट झाल्यावर पास देणाऱ्याला हसून किंवा मान हलवून दाद देणं. हीसुद्धा वुडन यांचीच शिकवण.

ही शिकवण लावताना धर्म आड येत नाही. वुडन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, बायबलचे नियमित वाचक. पण त्यांच्याच संघातला ल्यू अल्सिंडर इस्लामकडे वळून करीम अब्दुल-जब्बार झाला, आणि दोघांची मैत्री वुडन यांच्या 2010 मधल्या निधनापर्यंत टिकली.

एका हंगामात निकाल मागू नका. 1948 मध्ये रुजू झालेल्या वुडन यांना पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं 1964 मध्ये. मग 1975 पर्यंत एकूण 10.