फॉस्फो-ईजीएफआरचा बँड येत नसेल तर

फॉस्फो-ईजीएफआर म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेला ईजीएफ रिसेप्टर. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) त्याचा बँड येत नसेल तर अँटीबॉडीला दोष देण्याआधी लायसिस (पेशी फोडून प्रथिनं काढायची पायरी) तपास. रिसेप्टरवरचे फॉस्फेट गट फॉस्फटेज एंझाइम मिनिटांत उडवतात, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की डब्यातल्या बर्फाचं बघता बघता पाणी होतं. बर्फ भरपूर घे. पीबीएस (पेशी धुवायचं क्षारद्रावण), लायसिस बफर, पेशी खरवडायचा स्क्रेपर सगळं आधीच गार करून ठेव.

ए४३१ पेशी (ईजीएफआर भरपूर असलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) रात्रभर सीरमविना ठेव. मग ईजीएफ (रिसेप्टर चालू करणारं वाढीचं प्रथिन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, फक्त ५ मिनिटं. वेळ लांबवलास तर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि सिग्नल उतरतो. ईजीएफ न दिलेली एक प्लेट हवीच, तिच्याशिवाय बँडला अर्थ नाही.

लायसिस बफरमध्ये फॉस्फटेज रोखणारं १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट ऐनवेळी घाल. त्याचं स्टॉक पीएच १० ला आणून रंगहीन होईपर्यंत उकळायचं, पुन्हा पीएच बघायचा, पिवळं झालं तर परत उकळायचं. द्रावण थंड झाल्यावरही रंग गेलेलाच राहिला पाहिजे. बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) किंवा डीटीटी (क्षपणकारक) असेल तर व्हॅनाडेट निकामी होतं; अनेकांचं इथेच बिघडतं.

ब्लॉकिंग (मेम्ब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकणं) टीबीएसटीतल्या (ट्वीन घातलेलं क्षारद्रावण) ५ टक्के बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) कर. दूध पावडरीतलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. बँड साधारण १७५ किलोडाल्टनला दिसेल. नंतर मेम्ब्रेन स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी काढून) एकूण ईजीएफआरही बघ.