वाचकांचे प्रश्न : ठराव रद्द झाला, मग पाण्याचे काय?

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील एका गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. ‘नेशनस्टेट्स’ या इंटरनेटवरील खेळात एक जागतिक सभा असते. खेळणाऱ्यांनी कल्पिलेली राष्ट्रे तिथे ठराव करतात आणि जुने ठराव रद्दही करतात. त्याच नियमांवर आम्ही अकरावीच्या वर्गात राष्ट्रसभा चालवतो. मुलांनी सामायिक जलाशयांविषयी एक ठराव मंजूर केला होता. उन्हाळ्यात जलाशयातील निम्मे पाणी पिण्यासाठी राखून ठेवावे आणि त्या काळात तिथे कुणीही मासेमारी करू नये, अशी दोन कलमे त्यात होती. मासेमारीवर जगणाऱ्या राष्ट्रांची बाजू मांडणाऱ्या मुलांनी तो रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. ‘मासेमारीचे कलम वगळून बाकीचे कायम ठेवावे’ असे त्यांच्या पहिल्या मसुद्यात होते. दुरुस्ती नियमात बसत नाही, म्हणून मी तो परत केला. दुसरा मसुदा मंजूर झाला आणि पिण्याच्या पाण्याचे संरक्षणही त्यासोबत गेले. आता वर्गात दोन तट पडले आहेत. एका कलमासाठी सगळा ठराव रद्द करायला लावणारा हा नियम योग्य आहे का? खऱ्या जगात असे चालते का?

उत्तर : आपण पहिला मसुदा परत केला ते नियमाला धरूनच झाले. ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ऑस्ट्रेलियातील लेखक मॅक्स बॅरी यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यातील सभेचे नाव आधी ‘संयुक्त राष्ट्रे’ असेच होते. खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने हरकत घेतल्यावर २००८ मध्ये ते बदलून ‘वर्ल्ड असेंब्ली’ करण्यात आले. या सभेत सामील होणे ऐच्छिक आहे, पण सामील झालेल्या प्रत्येक राष्ट्राला मंजूर झालेला ठराव बंधनकारक असतो, मग त्याने विरोधात मत दिलेले असो वा नसो. प्रस्ताव मतदानाला येण्यापूर्वी प्रादेशिक प्रतिनिधींपैकी (राष्ट्रांचे गट म्हणजे प्रदेश, आणि त्यांतील सदस्यांनी पाठिंबा देऊन निवडलेले ते प्रतिनिधी) ठरावीक प्रमाणात संमती मिळवावी लागते, त्यानंतर चार दिवस मतदान चालते आणि साध्या बहुमताने निकाल लागतो. एकदा मंजूर झालेल्या ठरावातील एक शब्दही पुढे बदलता येत नाही. तो जसा आहे तसा ठेवायचा किंवा संपूर्ण रद्द करायचा, एवढेच दोन मार्ग उरतात.

हा नियम कठोर आहे हे मान्य करूनही, शिकण्यासाठी तो उत्तम आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला एक कलम खटकते त्याला संपूर्ण ठराव वाचावा लागतो आणि न खटकणाऱ्या कलमांचे काय होणार याचीही जबाबदारी घ्यावी लागते. दुरुस्तीची सोय असती तर आपल्या विद्यार्थ्यांनी मासेमारीची ओळ खोडली असती आणि पाण्याच्या कलमाकडे कुणाचे लक्षही गेले नसते. आज तिथे दोन तट पडले आहेत याचा अर्थ ते कलम किती मोलाचे होते हे सगळ्यांना कळले आहे, आणि माझ्या दृष्टीने वर्गाच्या कामातील हा मोठा लाभ आहे.

उणीव राहिली ती पर्यायी मसुद्याची. रद्द करण्याच्या प्रस्तावात नवी तरतूद घालता येत नाही. अस्तित्वात असलेल्या ठरावाशी विसंगत किंवा त्याचीच पुनरुक्ती करणारा नवा ठरावही तोपर्यंत आणता येत नाही. त्यामुळे आधी निरसन, म्हणजे जुना ठराव रद्द करणे, आणि मग नवा ठराव हाच क्रम ठरतो, आणि मधले काही दिवस त्या विषयावर कोणताही नियम नसतो. म्हणून निरसनाचा प्रस्ताव मांडतानाच नव्या ठरावाचा मसुदा सभेपुढे वाचून दाखवावा. त्यावर मत देता येणार नाही, परंतु जुना ठराव गेल्यावर काय येणार आहे हे समोर ठेवून प्रत्येक राष्ट्राला आपले मत ठरवता येईल.

आपल्या वर्गासाठी मी असे सुचवीन की आता दोन स्वतंत्र ठराव लिहावेत : एक पिण्याच्या पाण्याचा आणि दुसरा मासेमारीचा. दोघांनीही एकमेकांचा आधार घेऊ नये, कारण दुसऱ्या ठरावाच्या अस्तित्वावर अवलंबून असलेला ठराव त्या खेळात अवैध धरला जातो. आधार असलेला ठराव उद्या रद्द झाला तर त्यावर उभा असलेला ठराव अर्थहीन होईल, हे त्यामागचे कारण. खऱ्या जगातील नावेही तिथे चालत नाहीत. तेव्हा वैनगंगा नदी किंवा गोसेखुर्द धरण असे न लिहिता ‘दोन किंवा अधिक राष्ट्रांच्या वापरातील जलाशय’ अशी सर्वांना लागू होईल अशी व्याख्या करावी लागेल. डोळ्यांसमोर आपल्याच गावचा तलाव असताना सर्व तलावांना लागू पडेल असे वाक्य लिहिणे अवघड असते, आणि विधिलेखनाची खरी कसोटी तिथेच लागते.

आणखी एक नियम मुलांना आवर्जून सांगावा. निरसनाच्या प्रस्तावात मूळ ठरावाविषयी खोटे किंवा विपर्यस्त विधान असेल तर तो अवैध ठरतो. ‘यामुळे आमच्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर घाला येतो’ एवढ्या एकाच कारणावरही निरसन मागता येत नाही, कारण ते कारण कोणत्याही ठरावाविरुद्ध देता येते. त्या विशिष्ट मजकुरात काय चुकले हे दाखवावेच लागते. आपल्याकडे गावच्या बैठकीपासून विधिमंडळापर्यंत विरोधाची भाषणे होतात तेव्हा मूळ मसुदा किती जणांनी वाचलेला असतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता खऱ्या कायद्याकडे येऊ. भारतात संसद आणि विधिमंडळ या दोघांनाही आपापल्या कायद्यात दुरुस्ती करता येते, त्यामुळे एका कलमासाठी सगळा कायदा रद्द करण्याची वेळ सहसा येत नाही. परंतु जेव्हा कायदा रद्द होतो तेव्हा मागे काय उरते हा प्रश्न इथेही तितकाच मोठा असतो, आणि त्याचे सर्वसाधारण उत्तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (केंद्रीय कायद्यांचा अर्थ कसा लावावा याचे समान नियम देणाऱ्या कायद्याच्या) कलम ६ मध्ये दिले आहे. रद्द करणाऱ्या कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल, तर जुन्या कायद्याखाली आधीच मिळालेले हक्क, आलेली दायित्वे आणि चालू असलेल्या कार्यवाही निरसनामुळे संपत नाहीत. शिवाय नवा कायदा करताना शेवटच्या कलमांत बहुधा ‘निरसन व व्यावृत्ती’ (रद्द केलेले आणि राखून ठेवलेले) अशा मथळ्याखाली जुन्यातील काय राखले आहे ते सांगितलेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याचा खटला जुन्या संहितेप्रमाणेच चालतो, तो याच तत्त्वाने.

आपल्या जिल्ह्याला याहून जवळचे उदाहरण निस्ताराचे, म्हणजे गावची सामायिक जमीन व पाणी वापरण्याच्या गावकऱ्यांच्या हक्काचे आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) संपली आणि मालगुजारांचे तलाव शासनाकडे आले. त्यांनाच आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. पुढे विदर्भ आधी मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात आला, तरी इथे मध्य प्रदेशची १९५४ ची जमीन महसूल संहिता लागू होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने ती रद्द केली. नव्या संहितेने जुनी पुसून टाकून हा विषय कोरा सोडला असता, तर गुरे चारणे, जळण आणणे, तलावाचे पाणी वापरणे या गोष्टींचा आधार काय राहिला असता? तसे झाले नाही. नव्या संहितेतही निस्तार पत्रक (निस्ताराच्या हक्कांची गावनिहाय नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) यांची स्वतंत्र कलमे ठेवण्यात आली, आणि सिंचन, जाण्यायेण्याची वाट, काही पाण्यांतील मासेमारी यांच्या रूढी नोंदवण्याची व्यवस्था टिकली. आपल्या विद्यार्थ्यांना तलाठी कार्यालयात नेऊन गावचे निस्तार पत्रक पाहू द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक कायदा जाऊन दुसरा येताना लोकांच्या वापराचा हक्क मध्येच गळून पडू नये यासाठी कुणीतरी काळजीपूर्वक कलमे लिहिली होती, हे त्यांना त्या नोंदीतून समजेल.

तीन कृषी कायद्यांचे उदाहरणही वर्गात घेण्यासारखे आहे. ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते रद्द करणारे विधेयक चर्चेविना मंजूर केले. त्या कायद्यांविषयी कुणाचे काहीही मत असो, चर्चा व्हायला हवी होती असे मला वाटते, कारण कायदा करताना जितकी कारणे नोंदली जायला हवीत तितकीच तो मागे घेतानाही हवीत. तथापि त्या विधेयकाच्या मसुदाकारांनी एक गोष्ट नेमकी सांभाळली. तिघांपैकी एक कायदा स्वतंत्र नव्हता. त्याने जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ मध्ये (१अ) हे पोटकलम घातले होते. दुरुस्ती करणारा कायदा रद्द झाला तरी मूळ कायद्यात आधीच घातलेला मजकूर आपोआप निघून जात नाही, असे वाक्खंड अधिनियमाचे कलम ६अ सांगते. म्हणून ते पोटकलम वगळण्यात येत आहे असे निरसनाच्या कायद्यात वेगळे लिहावे लागले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील निरसनाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १६ डिसेंबर १९९१ चा आहे. झायोनवाद (ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र असावे ही चळवळ) हा वंशवादाचा एक प्रकार आहे असे ठरवणारा १९७५ चा ३३७९ क्रमांकाचा ठराव त्या दिवशी ४६/८६ क्रमांकाच्या ठरावाने मागे घेण्यात आला. १११ राष्ट्रे बाजूने, २५ विरोधात आणि १३ तटस्थ होती. त्या ठरावाचा मजकूर अवघ्या एका वाक्याचा आहे आणि त्यात कारण दिलेले नाही. कारणे लिहिली असती तर कदाचित इतकी मते एकत्र आली नसती. तरीही या बाबतीत मला काल्पनिक सभेचा नियम अधिक योग्य वाटतो : मागे घेणाऱ्याने मूळ मजकूर कुठे चुकला ते लिहून द्यावे, म्हणजे पुढे त्याच विषयावर लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या गटाचा ठराव रद्द झाला. आता आम्ही ‘रद्द करणारा ठराव रद्द करावा’ असा प्रस्ताव आणला तर आमचा जुना ठराव परत येईल का? (एक विद्यार्थिनी, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : येणार नाही. त्या खेळाच्या नियमांप्रमाणे निरसनाचे निरसन करता येत नाही. तुम्हाला तोच विषय नव्याने लिहून, नव्याने संमती मिळवून, पुन्हा मतदानाला न्यावा लागेल. आपल्या देशातील नियमही याच्या जवळ जाणारा आहे. वाक्खंड अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे, रद्द झालेला केंद्रीय कायदा पुन्हा जिवंत करायचा असेल तर तसा हेतू स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. तो रद्द करणारा कायदा नाहीसा झाला एवढ्याने तो उठून बसत नाही. यात अन्याय नाही. मधल्या काळात लोकांनी जुना नियम नाही असे समजून व्यवहार केलेले असतात, आणि त्यांना पूर्वसूचना न देता तो नियम परत लादला तर त्यांचे नुकसान होईल. तेव्हा खिन्न न होता ज्या आक्षेपांमुळे ठराव रद्द झाला ते एकेक करून लिहून काढा आणि नव्या मसुद्यात त्यांना उत्तर द्या. विरोधात मत दिलेल्यांपैकी एखाद्या गटाला मसुदा लिहितानाच सोबत घेता आले तर फारच चांगले.

प्रश्न : या सभेत काही प्रतिनिधींचे मत इतरांपेक्षा जड असते असे मुलगा सांगतो. मग लहान राष्ट्रांचे काय चालणार? (एक शेतकरी पालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मुलगा सांगतो ते बरोबर आहे. प्रत्येक सदस्य राष्ट्राला एक मत असतेच. शिवाय एखाद्या प्रदेशातील सदस्य राष्ट्रे ज्याला पाठिंबा देऊन प्रतिनिधी करतात, त्याच्या मताला जितक्या राष्ट्रांचा पाठिंबा असेल तितके जादा वजन मिळते. मोठ्या प्रदेशांच्या प्रतिनिधींनी पहिल्याच दिवशी कौल दिला की पुढच्या मतदारांवर त्याचा प्रभाव पडतो, ही या पद्धतीतील खरी अडचण आहे. मात्र तो पाठिंबा कधीही काढून घेता येतो, आणि लहान राष्ट्राच्या हातातील साधन तेच आहे. खऱ्या आमसभेत १९३ सदस्यांपैकी प्रत्येकाला एकच मत असते व महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन तृतीयांश बहुमत लागते, परंतु तिथले बहुतेक ठराव शिफारशीच्या स्वरूपाचे असतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने तर बहुमताची पद्धतच बाजूला ठेवली आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. शंभर घरांच्या गावात जे साधते ते हजारो सदस्यांच्या सभेत साधणार नाही हे उघड आहे. पण मुलाच्या वर्गात पंचवीस-तीस जण असतील, तर निरसनाच्या प्रस्तावापुरती तरी दोन तृतीयांश मतांची अट घालून पाहावी असे त्याने शिक्षकांना सुचवावे.