रेड-५ वर लिहिणं रांगतंय? आधी डिस्क वाचतायत का ते बघा

लिनक्सवर चार डिस्कचा एमडी (लिनक्समधलंच सॉफ्टवेअर रेड) वापरून केलेला रेड-५ अ‍ॅरे (डिस्कचा संच, ज्यात एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), वाचताना सेकंदाला ३५० एमबी, लिहिताना जेमतेम ४०, तर हार्डवेअर रेड कार्ड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आज तरी घेऊ नका.

आधी 'एमडीस्टॅट' ही अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल बघून रीसिंक (सगळ्या डिस्क पुन्हा एकमेकांशी जुळवणं) चालू नाही ना याची खात्री करा. मग एक मोठी फाइल कॉपीला लावा आणि दुसऱ्या टर्मिनलवर 'आयओस्टॅट' या डिस्कची वाच-लिही दाखवणाऱ्या कमांडमध्ये रीडचा रकाना बघत बसा. तुम्ही नुसतं लिहिताय आणि तरी डिस्क वाचतायत? मग तिथंच घोडं पेंड खातंय. स्ट्राइपचा (सगळ्या डिस्कवर आडवा पसरलेला डेटाचा एक पट्टा) एखादाच तुकडा बदलायचा तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (हरवलेला तुकडा परत काढता यावा म्हणून ठेवलेली बेरीजवजा माहिती) वाचायची, नवी पॅरिटी काढायची, मग दोन्ही लिहायचं. एका लिखाणापायी चार फेऱ्या. अख्खा स्ट्राइप एकदम हाती आला तर जुनं काही वाचावंच लागत नाही.

तो जमेपर्यंत तुकडे धरून ठेवायला स्ट्राइप कॅश असतो, आणि तो मुळात फक्त २५६ ठेवलेला असतो. 'सिस' (कर्नलच्या सेटिंग्जचं फोल्डर) याखाली तुमच्या अ‍ॅरेच्या 'एमडी' फोल्डरात 'स्ट्राइप कॅश साइज' नावाची फाइल आहे. रूट होऊन तिच्यात ४०९६ लिहा. अ‍ॅरे थांबवावा लागत नाही. हा आकडा एमबीत नाही हं! दर डिस्कमागे ४ केबीची तितकी पानं, म्हणजे तुमच्याकडे ६४ एमबी रॅम जाईल. मला ८१९२ च्या पुढे कधी फायदा दिसला नाही. रीबूट केलं की पुन्हा २५६ होतं, म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस दिसताच सेटिंग आपोआप लावणारी लिनक्सची सोय) नियम लिहून ठेवा. वीज गेली तर काय, ही शंका येईलच. डिस्कवर पोचल्याशिवाय एमडी 'लिहिलं' म्हणत नाही, त्यामुळे आकडा वाढवल्याने धोका वाढत नाही.

बिटमॅप (कुठल्या भागात लिखाण चालू होतं याची एमडीने ठेवलेली नोंद) काढून टाका असं सांगणारे भेटतील. वेग वाढतो, पण मशीन अचानक बंद पडलं की अख्खा अ‍ॅरे रीसिंक होत बसतो. त्यापेक्षा बिटमॅपचा चंक (एका नोंदीत येणारा भाग) १२८ एमबी करा.

एवढं करूनही एकच डिस्क शंभर टक्क्यांवर आणि बाकीच्या निवांत दिसल्या, तर ती एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली, म्हणून सतत लिहिताना मंदावणारी डिस्क) आहे का ते मॉडेल नंबरवरून तपासा. माझी तशीच निघाली. दोन रविवार मी सेटिंग्ज उलटीपालटी करत बसलो होतो. आता तिच्यावर फोटोंचा बॅकअप असतो, अ‍ॅरेच्या बाहेर.