वडिलांना मधुमेह आहे, महिनाभर कान वाहतोय. सीटी झाल्यावर पुन्हा एमआरआय कशाला?

करून घ्या, टाळू नका. साध्या कानदुखीला स्कॅन लागत नाही, तपासून भागतं. पण वय ६८, वाढलेली साखर, रात्री झोपू न देणारी कळ आणि थेंबांनी न थांबणारा पू म्हटल्यावर संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात उतरल्याची शंका घ्यावीच लागते.

सीटीत कुरतडलेलं हाड छान दिसतं, पण बराचसा खनिजांश गेल्यावरच. म्हणून सुरुवातीचा सीटी नॉर्मल आला तरी निर्धास्त राहू नका. हाडाच्या मज्जेतली सूज, कानाखालचा मऊ भाग, मेंदूच्या आवरणापर्यंतचा पसारा एमआरआयच नीट दाखवतो.

माझ्या मामांच्या कानात आम्ही कितीतरी दिवस कोमट तेल घालत बसलो. एका सकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला, तेव्हा नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात धावलो. चेहऱ्याची नस तोवर संसर्गात सापडली होती. तुम्ही तेवढं थांबू नका. नागपुरात मेडिकल, मेयो रुग्णालय, मिहानचं एम्स, जे जवळ पडेल तिथे आधीच्या सीटीची सीडी घेऊन जा. कॉन्ट्रास्टआधी (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) किडनी बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

अँटिबायोटिक बहुधा ६ ते ८ आठवडे चालतं. दुखणं थांबलं म्हणून मध्येच सोडू नका. एमआरआयमधले बदल बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने दिसतात, त्यामुळे सुधारणा ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि कळ यांवरूनही जोखतात. साखर मात्र रोज बघा.